२४ रुपयांचा क्लचर आणि यिवूचं तिकीट

चीनमधल्या यिवूच्या घाऊक बाजारातून माल उचलायचा, इथं विकायचा आणि स्वतःचा धंदा उभा करायचा, असं स्वप्न हल्ली अनेकजण बघतात. स्वप्न वाईट नाहीच. पण तिकीट काढण्यापूर्वी एकदा कागद-पेन घेऊन बसायला काय हरकत आहे?

ते रील तुमच्याही मोबाइलवर येऊन गेलंच असेल.

एक मुलगा हातात मोबाइल धरून भल्यामोठ्या बाजारातून चालतोय. दोन्ही बाजूंना गाळेच गाळे. तो केसांचा एक क्लचर उचलतो, कॅमेऱ्यासमोर धरतो आणि म्हणतो, ‘हा इथं २४ रुपयांना आहे, आपल्याकडे दीडशेला विकतात!’ खाली हजारो लाइक्स. कमेंटमध्ये एकच प्रश्न, ‘भावा, कसं जायचं सांग ना!’

रील ३० सेकंदांत संपतं. आपलं डोकं मात्र रात्रभर चालू राहतं. दीडशे वजा चोवीस. म्हणजे एका नगामागे १२६ रुपये सुटले! हजार नग विकले तर सव्वा लाख! नोकरी कशाला करायची मग?

थांबा. हा बाजार खरा आहे, तो भावही खरा असू शकतो. वजाबाकी तेवढी चुकीची आहे. ती का चुकते आणि बरोबर कशी करायची, ते आज बघू. कारण या वजाबाकीवर लोक आईची एफडी मोडतात, मित्रांकडून पैसे उसने घेतात. मग सहा महिन्यांनी घरातल्या पलंगाखाली न विकलेल्या मालाचे खोके उरतात आणि नात्यात अबोला.

हे यिवू आहे तरी काय?

यिवू हे चीनच्या झेजियांग प्रांतातलं शहर. शांघायपासून साधारण ३०० किलोमीटर, हांगझोऊपासून तर आणखी जवळ. दोन्हीकडून हायस्पीड ट्रेन आहे, शांघायहून दोनेक तासांत पोचता येतं. शहर प्रसिद्ध आहे ते एकाच गोष्टीसाठी. तिथल्या ‘इंटरनॅशनल ट्रेड सिटी’साठी. जुने व्यापारी याला ‘फुतियन मार्केट’ म्हणतात. किरकोळ वस्तूंचा जगातला सगळ्यात मोठा घाऊक बाजार म्हणून तो ओळखला जातो.

मोठा म्हणजे किती? सुमारे ७५ हजार गाळे! एका गाळ्यापुढं तुम्ही फक्त तीन मिनिटं थांबलात आणि रोज आठ तास फिरलात, तरी बाजार बघून संपायला सव्वा वर्षाहून जास्त लागेल. त्यामुळे ‘जाऊन बघू, काय मिळतं ते’ हा प्लॅन तिथं चालतच नाही. चार दिवसांत पाय दुखतात, मोबाइलमध्ये दोन हजार फोटो होतात आणि ऑर्डर एकही होत नाही.

या बाजाराचे वेगवेगळे डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे स्वतंत्र अवाढव्य इमारती. पहिला २००२ मध्ये सुरू झाला. तिथं खेळणी, कृत्रिम फुलं, केसांच्या वस्तू, इमिटेशन ज्वेलरी आणि सणासुदीची सजावट. दुसऱ्यात छत्र्या, बॅगा, कुलुपं, हार्डवेअर, घड्याळं. तिसऱ्यात पेन-वह्या, चष्मे, खेळाचं साहित्य, कॉस्मेटिक्स, बटणं आणि चेन. चौथ्यात मोजे, टोप्या, हातमोजे, टॉवेल, स्कार्फ, पट्टे. पाचव्यात बेडशीट, पडदे, गाड्यांच्या ॲक्सेसरीज आणि गंमत म्हणजे इतर देशांतून चीनमध्ये आलेला मालसुद्धा.

तुमची वस्तू कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये, कुठल्या मजल्यावर, हे घरूनच काढून ठेवा. बाजाराची स्वतःची वेबसाइट आहे, ‘यिवूगो’. गाळ्यांचे नंबर, मालाचे फोटो तिथं बघायला मिळतात. चिनी भाषेचं भाषांतर ब्राउझर करून देतो.

गाळ्यावर गेल्यावर काय होतं?

आपल्याकडे दुकानात शिरलं की आपण आधी विचारतो, ‘केवढ्याला?’ तिथं पहिला प्रश्न समोरून येतो, ‘किती पाहिजेत?’

कारण तिथं नगावर सौदा होत नाही, खोक्यावर होतो. प्रत्येक वस्तूची माहिती ठरलेली असते. आयटम नंबर, नगाचा भाव, एका खोक्यात किती नग, खोक्याची लांबी-रुंदी-उंची आणि वजन. गाळेवाली कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून तुमच्यापुढं धरते. हो, गाळेवालीच. बऱ्याच गाळ्यांवर बायकाच व्यवहार बघतात आणि हिशेबाला एकदम पक्क्या असतात.

तुम्ही फोटो काढत सुटाल, पण तसं करू नका. नवीन डिझाइनची कॉपी होते म्हणून अनेकांना ते आवडत नाही. आधी विचारा. आयटम नंबर, भाव, खोक्याचं माप आणि गाळ्याचा नंबर वहीत लिहा. ही वही जपा. परत आल्यावर ‘तो निळावाला कुठल्या दुकानात होता गं?’ असं विचारायला तिथं कुणी नसतं.

अजून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, तयार माल आणि ऑर्डरचा माल यात फरक असतो. तयार माल लगेच मिळतो, पण रंग-डिझाइन असेल ते घ्यावं लागतं. ऑर्डरचा माल कारखान्यात बनतो, त्याला दोन आठवडे ते महिनाभर जातो आणि किमान ऑर्डर मोठी असते. दोन, गाळ्यावर सांगितलेला भाव हा बहुतेक वेळा फक्त वस्तूचा भाव असतो. बिल, कर, पॅकिंगमधला बदल, बंदरापर्यंतची वाहतूक हे सगळं वेगळं. ‘या भावात काय काय आलं?’ हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

अडत्या लागतोच

आपल्या मार्केट यार्डात शेतकरी आणि व्यापारी यांच्या मध्ये अडत्या असतो, तसाच यिवूत सोर्सिंग एजंट असतो. तो तुमच्याबरोबर फिरतो, दुभाष्याचं काम करतो, ऑर्डर लिहितो, वेगवेगळ्या गाळ्यांवरचा माल आपल्या गोदामात गोळा करतो, मोजतो, तपासतो आणि जहाजावर चढवतो. त्याबद्दल मालाच्या किमतीवर ठरावीक टक्के कमिशन घेतो. यिवूत भारतीय व्यापारी बरीच वर्षं आहेत, त्यामुळे हिंदी बोलणारा एजंट मिळणंही अवघड नाही.

पण एजंट आपल्या गावचा, आपल्या भाषेचा आहे म्हणून डोळे मिटू नका. त्याला दोनच प्रश्न विचारा. गाळ्याचं मूळ बिल मला दाखवणार का? आणि गोदामात खोके उघडून केलेल्या तपासणीचे फोटो, व्हिडिओ पाठवणार का? या दोन्हींना सरळ ‘हो’ नसेल तर दुसरा बघा. जो ‘मला कमिशनच नको’ म्हणतो, तो ते दुसरीकडून घेतोय हे समजून चला.

सॅम्पलचे दोन नग घ्या. एक तुमच्याकडे, एक एजंटकडे. दोन्हींवर सही आणि तारीख टाका. माल आला की त्याच्याशी ताडून बघायचा. ऑर्डर देताना साधारण ३० टक्के आगाऊ देण्याची पद्धत आहे. उरलेली रक्कम तपासणी झाल्यावरच द्या. पैसे बँकेतून, कंपनीच्या खात्यावर पाठवा. कुणाच्या खासगी खात्यावर, ‘आज टाका, उद्या रेट वाढेल’ अशा घाईत तर अजिबात नाही.

आता ती वजाबाकी

चला, कागद-पेन घ्या. खालचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या वस्तूचे, तुमच्या वेळचे आकडे वेगळे असतील. पद्धत मात्र हीच.

समजा, एक क्लचर २ युआनला मिळाला. युआन १२ रुपयांचा धरला तर झाले २४ रुपये. तुम्ही २४०० नग घेतले. मालाची किंमत ५७,६०० रुपये.

एजंटचं कमिशन, यिवू ते निंगबो बंदर वाहतूक, तिथली कागदपत्रं, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून समजा १२,४०० रुपये. बेरीज झाली ७०,०००.

आता कस्टम्स. प्रत्येक वस्तूला एक एचएस कोड असतो आणि त्यावर ड्युटी ठरते. आपण मूळ ड्युटी २० टक्के धरू. ७० हजारांवर १४,०००. या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १,४००. आता या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे ८५,४०० वर, आयजीएसटी. तो १८ टक्के धरला तर १५,३७२ रुपये.

न्हावाशेवाला माल उतरला की तिथले खर्च सुरू. तुमचा माल पूर्ण कंटेनरचा नाही, दुसऱ्यांच्या मालाबरोबर आलाय. अशा थोड्या मालाला दर घनमीटरमागचे खर्च जास्तच बसतात. कस्टम्स ब्रोकर, ज्याला बाजारात अजून सगळे सीएचए म्हणतात, त्याची फी. हे सगळं समजा १५,०००. तिथून तुमच्या गावापर्यंत टेम्पो ३,०००.

एकूण खिशातून गेले १,१८,७७२ रुपये. नगामागे जवळजवळ साडेएकोणपन्नास.

जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचे पैसे पुढे विक्रीच्या करातून वळते होतात. मग नग ४३ रुपयांना पडतो. नोंदणी नसेल तर ते पैसे गेले. शंभरातले पाच नग तुटके, डागाळलेले निघाले असं धरलं तर चांगला नग पडतो ४५ च्या पुढे.

म्हणजे २४ चे ४५ झाले. आणि अजून तुमचा प्रवास यात धरलेलाच नाही! व्हिसा, विमान, हॉटेल, जेवण, ट्रेन मिळून समजा ८० हजार. २४०० नगांवर वाटले तर नगामागे ३३ रुपये. आता तोच क्लचर ७८ रुपयांच्या पुढे गेला.

याच्यावर तुमचं पॅकिंग, कुरिअर, ऑनलाइन साइटचं कमिशन, जाहिरात आणि परत आलेला माल. मग सांगा, दीडशेत काय उरलं? आणि तसाच क्लचर पुण्याच्या रविवार पेठेत किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर डझनाच्या भावात, समजा ५० रुपयांना मिळत असेल तर? तिथल्या व्यापाऱ्याने तो कंटेनर भरून आणलेला असतो. त्याचा खर्च लाखभर नगांवर विभागला जातो, तुमचा २४०० वर.

‘मग मीही २४ हजार नग आणतो!’ असं वाटलं ना? बरोबर आहे, प्रवासाचा खर्च मग नगामागे साडेतीन रुपयांच्या आत येतो. पण आता भांडवल लागेल दहा-बारा लाख. आगाऊ रक्कम दिल्यापासून माल विकून पैसे हातात येईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. आणि त्याहून मोठा प्रश्न, २४ हजार क्लचर तुम्ही कुणाला विकणार?

हा प्रश्न डोक्यात ठेवा. त्याच्याकडे शेवटी येऊच.

जे दिसतं ते सगळं आणता येत नाही

पहिल्या डिस्ट्रिक्टमध्ये शिरल्या शिरल्या खेळणी दिसतात आणि मन तिथंच अडकतं. पण भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. ज्या परदेशी कारखान्यात खेळणं बनलं त्याच्याकडे भारताचा परवाना असल्याशिवाय ते खेळणं आत येत नाही. शिवाय खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केली गेली होती. यिवूतून खेळण्यांची बॅग भरून आणू, ही कल्पना तिथंच संपते.

इमिटेशन ज्वेलरीचंही तसंच. २०२२ च्या बजेटने तिच्यावर किलोमागे किमान ४०० रुपये ड्युटी लावली. म्हणजे बिलावर किंमत कितीही कमी दाखवा, वजन काही लपत नाही. त्याच बजेटमध्ये छत्र्यांवरची ड्युटी २० टक्के झाली. असे दर बदलत राहतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी, नंतर नव्हे, कस्टम्स ब्रोकरकडून त्या दिवशीचा दर लिहून घ्या.

पॉवर बँक, चार्जर यांना बीआयएस नोंदणी लागते. ब्लूटूथवर चालणाऱ्या वस्तूंना दूरसंचार खात्याची वेगळी मंजुरी लागते. कॉस्मेटिक्स आणायचे तर औषध नियंत्रकांकडे नोंदणी. लिपस्टिक दिसायला छोटी असली तरी तिच्यामागचे कागद मोठे असतात.

आणि ब्रँडची नक्कल? नामांकित कंपनीचा लोगो असलेली कॅप, कार्टूनचं चित्र छापलेला पाऊच, ‘फर्स्ट कॉपी’ घड्याळ, यातलं काहीही नको. नकली ब्रँडचा माल कस्टम्स अडवू शकतं, तसे नियम २००७ पासून आहेत. माल गेला की पैसेही गेले. वर कोर्टकचेरी.

प्रत्येक पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, कुठल्या देशात बनलं आणि ग्राहकाने तक्रार कुठं करायची, ही माहिती हवी. हे लेबल तिथंच छापून लावून घेतलं तर स्वस्त पडतं. ‘मेड इन चायना’ खरवडून काढायच्या भानगडीत पडू नका. लोकांना माहीत असतं आणि खोटं बोललेलं त्यांना जास्त खटकतं.

‘ड्युटीचं टेन्शन नको भाऊ’

हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळणार. किलोचा एकच रेट सांगणारे, ‘घरपोच देतो, कागदपत्रं आमच्यावर सोडा’ म्हणणारे लोक या धंद्यात आहेत. रेट आकर्षक असतो. पण तुमच्या नावाचं बिल ऑफ एन्ट्री मिळणार का, हे विचारा. गप्प बसले तर समजा की माल दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच वस्तूच्या नावाने किंवा कमी किंमत दाखवून येतोय. पकडला गेला तर माल जातो आणि तुमच्या हातात साधी पावतीही नसते. पकडला नाही गेला तरी जीएसटीचं क्रेडिट नाही, विकताना दाखवायला कागद नाही.

बॅगेत कोंबून आणू, हाही मार्ग नाही. प्रवाशाला सवलत मिळते ती स्वतःच्या वस्तूंसाठी. एकसारखे २०० क्लचर स्वतःसाठी आणलेत, हे कस्टम्सवाल्याला कसं पटवणार?

सरळ रस्ता तसा अवघडही नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या वेबसाइटवर ‘आयईसी’ काढा. फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती ऑनलाइन अपडेट करायची. जीएसटी नोंदणी करा, चालू खातं उघडा, बँकेचा एडी कोड बंदरावर नोंदवा. पंचविशीच्या आत हे सगळं शिकून घेतलं तर तो अनुभव आयुष्यभर पुरतो.

विश्वास दोन्हीकडून लागतो

आपल्याला नेहमी वाटतं की फसवतील ते चिनी लोक. पण एक घटना माहीत असू द्या. २०११ च्या डिसेंबरमध्ये यिवूत एका परदेशी व्यापाऱ्याच्या कंपनीने स्थानिक गाळेवाल्यांची मोठी उधारी थकवली आणि मालक पळून गेला. चिडलेल्या गाळेवाल्यांनी त्याच कंपनीत काम करणाऱ्या दोन भारतीयांना धरून ठेवलं. मालक वेगळा, उधारी वेगळ्याची आणि अडकले हे दोघं. त्यांच्यासाठी कोर्टात गेलेले भारतीय राजनैतिक अधिकारीही तिथल्या गोंधळात भोवळ येऊन पडले. जानेवारी २०१२ मध्ये भारतीय दूतावासाने आपल्या व्यापाऱ्यांना यिवूपासून लांब राहण्याचा सल्लाच दिला होता.

त्या दोघांना जे भोगावं लागलं त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्या गाळेवाल्यांचेही पैसे बुडाले होते, हेही खरं. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलं, भारतीय व्यापारी आजही तिथं जातात. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. धडा मात्र जुना झालेला नाही. परक्या देशात उधारीवर माल उचलू नका. दुसऱ्याच्या व्यवहारावर आपली सही करू नका. ‘तू फक्त तिथं राहा, ऑर्डरी लिही, बाकी मी बघतो’ असं सांगून कुणी नोकरीवर नेत असेल तर करार कुणाच्या नावावर आहे ते आधी वाचा.

बोहारीण आणि कोंबडीची पिसं

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे येऊ. कुणाला विकणार?

त्याचं उत्तर यिवूच्याच इतिहासात आहे. हे शहर काही आधीपासून श्रीमंत नव्हतं. डोंगराळ भाग, शेती कमी. तिथले लोक शेतीचं काम नसलं की खांद्यावर कावड घेऊन गावोगाव हिंडायचे. एका बाजूला गूळसाखर, दुसऱ्या बाजूला सुई-दोरा. हातात वाजवायला छोटी डमरूसारखी डफली. घराघरांतून कोंबडीची पिसं घ्यायची, बदल्यात साखर द्यायची. पिसांचं खत व्हायचं, चांगल्या पिसांची झाडणी. ‘पिसांच्या बदल्यात साखर’ ही यिवूच्या धंद्याची सुरुवात समजली जाते.

ओळखीचं वाटतंय ना? आपली बोहारीण आठवा. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं. कुठल्या वाड्यात लग्न झालंय, कुणाच्या कपाटात जुन्या जरीच्या साड्या आहेत, कुठली काकू स्टीलच्या डब्यावर हरखते आणि कुठली पातेल्यावर, हे सगळं तिला तोंडपाठ. तिचं भांडवल होतं गिऱ्हाईकाची माहिती. भांडी काय, कुणीही आणू शकलं असतं.

चीनमध्ये त्या काळी खासगी व्यापार करणाऱ्यांना पकडलं जायचं, माल जप्त व्हायचा. १९८२ मध्ये रस्त्यावर बटणं, नाड्या असला माल विकणारी फंग आयच्येन नावाची बाई थेट यिवूचे पक्ष सचिव शिए काओह्वा यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की आम्हाला धंदा का करू देत नाही? तिचं म्हणणं त्यांनी ऐकलं. स्वतःच्या पदाची जोखीम घेऊन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजार उघडायला परवानगी दिली. सिमेंटच्या फळ्या टाकून मांडलेले सातशेच्या आसपास ठेले, एवढाच तो बाजार. त्याचे आज ७५ हजार गाळे झालेत. कावड घेऊन हिंडणारेच आधी विक्रेते झाले, मग कारखानदार. त्यांना आधी गिऱ्हाईक माहीत होतं, माल नंतर आला.

आपलं रील बघून उलटं होतं. आधी माल दिसतो, गिऱ्हाईक नंतर शोधायचं ठरतं.

म्हणून यिवूचं तिकीट काढण्यापूर्वी एक काम करा. रविवार पेठेतून किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटवरून, नाहीतर तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जो होलसेलवाला असेल त्याच्याकडून, तीन-चार हजारांचाच माल घ्या. कॉलेजच्या गेटवर, बचत गटाच्या प्रदर्शनात, इन्स्टावर, सोसायटीच्या ग्रुपवर विका. कुठला रंग आधी संपला, कुठला पडून राहिला, कुणी परत येऊन मागितलं, कुणी ‘असं नाही, तसं असतं तर घेतलं असतं’ म्हटलं, ते सगळं वहीत लिहा.

यात नफा थोडका सुटेल, एखाद्या वेळी सुटणारही नाही. पण ‘असं नाही, तसं’ हे वाक्य दहा-वीस जणींकडून ऐकलं की तुम्हाला कळेल, तुमच्या गावात नेमकं काय मिळत नाही. कुरळ्या, दाट केसांत बसेल असा मोठा क्लचर मिळत नसेल. नऊवारीला शोभेल असा खोपा बांधायला काही हवं असेल. मग यिवूला जाऊन तुम्ही बाजार बघत फिरणार नाही. सॅम्पल हातात घेऊन, पहिल्या डिस्ट्रिक्टच्या त्या एका मजल्यावर, वीस गाळ्यांवर एकच प्रश्न विचाराल, ‘हे असं बनवून द्याल का?’

तो माल अब्दुल रहमान स्ट्रीटवर आधीच आलेला नसेल. त्याचा भाव तुम्ही ठरवाल.

निघण्यापूर्वी एवढं बघा

- तीच किंवा तशी वस्तू इथल्या होलसेल बाजारात कितीला मिळते, ते स्वतः जाऊन विचारलं का?
- एचएस कोड, ड्युटी, बीआयएस किंवा इतर परवाना लागतो का, हे कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घेतलं का?
- दारात पडणारा भाव प्रवासखर्चासह काढला का? त्यात पाच टक्के खराब माल धरला का?
- चार महिने पैसे अडकले तरी घर चालेल का? हे पैसे कुणाचे आहेत?
- चिनी नववर्षाच्या सुट्ट्या बघितल्या का? जानेवारी-फेब्रुवारीत बाजार बंद असतो, कारखान्यांतले कामगार गावी जातात आणि काम सुरळीत व्हायला वेळ लागतो.
- सण उलटा मोजला का? गणपतीला विकायच्या मालाचा विचार होळीलाच करावा लागतो.
- व्हॉट्सॲप, गूगल तिथं सहजी चालत नाही. तिथं वीचॅट आणि अलीपे कसं वापरायचं, ते आधीच बघून ठेवलं का?
- आणि शेवटचं. पहिल्या शंभर गिऱ्हाइकांपैकी निदान दहा जणांची नावं तुम्हाला आजच सांगता येतात का?

या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर खुशाल जा. नसेल तर त्या दहा नावांपासूनच सुरुवात करा. यिवू कुठं पळून जात नाही.